लाउडन किल्ल्याचा वेढा

एकदा नागरिकशास्त्राच्या तासाला मी अटकेविषयीचा नियम समजावून सांगत होतो. एखाद्याला अटक केली, तर अटकेचे कारण त्याला सांगावे लागते. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. आपल्या संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदात हे लिहिलेले आहे. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, चोर पकडलाच आहे, तर मग कागदपत्रे कशाला?"

वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. उत्तर म्हणून मी त्या दिवशी एक खरी हकीकत सांगितली. ती अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीची आहे आणि फार दूरच्या देशातील आहे. विद्यार्थी मित्रांनो, तीच हकीकत आज तुम्हांला सांगतो.

ही हकीकत उत्तर अमेरिकेतील आहे. तेव्हा अमेरिका हे स्वतंत्र राष्ट्र नव्हते. अटलांटिक महासागराच्या किनाऱ्याने इंग्रजांच्या तेरा वसाहती होत्या. पेनसिल्व्हेनिया ही त्यांपैकी एक. फिलाडेल्फिया हे तिचे मुख्य शहर आणि बंदर. तेथे गव्हर्नर राहत असे, विधानसभा भरत असे, मोठमोठ्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. या शहरापासून पश्चिमेकडे निघाले की शेते संपतात, जंगल सुरू होते आणि पुढे अ‍ॅपलेशियन पर्वताच्या रांगा लागतात. या रांगांच्या पायथ्याशी कोनोकोचीग नावाचे खोरे आहे. वसाहतीची सरहद्द म्हणजे हेच खोरे.

या खोऱ्यात आयर्लंडच्या उत्तर भागातून आलेली कुटुंबे राहत होती. त्यांचे पूर्वज मूळचे स्कॉटलंडचे. झाडे तोडावीत, ओंडक्यांचे घर बांधावे, मोकळ्या झालेल्या जमिनीत मका आणि गहू पेरावा, असे त्यांचे कष्टाचे जीवन होते. प्रत्येक घरात बंदूक असे. पण एक गोष्ट आपण विसरता कामा नये. ज्या जमिनीवर ही घरे उभी राहत होती, ती जमीन रिकामी नव्हती. डेलावेअर, शॉनी अशा जमातींचे लोक या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते. जुन्या पुस्तकांत त्यांना 'रेड इंडियन' म्हटलेले आढळते. आपण त्यांना मूळ रहिवासी म्हणू.

इ. स. १७५४ मध्ये या प्रदेशात इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात युद्ध पेटले. पुढे ते जगभर पसरले. याच युद्धात इ. स. १७६० मध्ये आपल्या देशात वांदिवाशची लढाई झाली, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. अमेरिकेत अनेक मूळ जमातींनी फ्रेंचांची बाजू घेतली. सरहद्दीवरील वस्त्यांवर हल्ले होऊ लागले. तेव्हा रहिवाशांच्या रक्षणासाठी इ. स. १७५६ मध्ये कोनोकोचीग खोऱ्यात एक किल्ला बांधण्यात आला. त्याचे नाव फोर्ट लाउडन. किल्ला म्हटला की आपल्याला दगडी बुरूज आठवतात. हा किल्ला लाकडाचा होता. उंच ओंडके जमिनीत उभे पुरून त्याचा कोट केलेला होता. पुढे त्यात इंग्रज राजाच्या फौजेची शिबंदी आली. शिबंदी म्हणजे किल्ल्याच्या रक्षणासाठी ठेवलेले सैन्य.

इ. स. १७६३ मध्ये फ्रेंचांनी हार मानली. पण शांतता आली नाही. इंग्रज सेनापतीने मूळ रहिवाशांना भेटवस्तू देण्याची जुनी पद्धत बंद केली आणि त्यांना मिळणाऱ्या बंदुकीच्या दारूवर बंधने घातली. शिकारीवर जगणाऱ्या लोकांना ही बंधने जाचक होती. वसाहतकरी त्यांच्या जमिनीत घुसतच होते. त्या वर्षी पॉन्टियॅक नावाच्या ओटावा जमातीच्या नायकाने युद्ध पुकारले. अनेक जमाती त्यात सामील झाल्या. इंग्रजांचे एकामागून एक किल्ले पडले. फोर्ट पिटला वेढा पडला, तेव्हा तेथील इंग्रजांनी बोलणी करायला आलेल्या मूळ रहिवाशांना देवीच्या रुग्णांची पांघरुणे भेट म्हणून दिली. रोग पसरावा, हा त्यामागील हेतू होता.

त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात इंग्लंडच्या राजाने जाहीरनामा काढला. पर्वतापलीकडची जमीन मूळ रहिवाशांसाठी राहील, तेथे वसाहतकऱ्यांनी वस्ती करू नये आणि मूळ रहिवाशांशी व्यापार करायचा तर परवाना घ्यावा, असे त्यात म्हटले होते. जाहीरनामा चांगला होता. पण अनेक वसाहतकऱ्यांनी तो जुमानला नाही.

कोनोकोचीग खोऱ्यातील लोकांच्या मनात केवढी भीती होती, हे एका प्रसंगावरून कळेल. २६ जुलै १७६४ रोजी सकाळी डेलावेअर जमातीचे चार योद्धे ओंडक्यांच्या एका लहानशा शाळेत शिरले. एनॉक ब्राऊन नावाचे शिक्षक मुलांना शिकवत होते. "मला मारा, पण मुलांना सोडा," अशी विनवणी त्यांनी केली. योद्ध्यांनी ती ऐकली नाही. शिक्षक आणि नऊ-दहा मुले मारली गेली. मी स्वतः शिक्षक आहे. हा प्रसंग सांगताना दर वेळी माझा आवाज जड होतो.

पण या प्रसंगाचा पुढचा भाग फार थोडे लोक सांगतात. ते योद्धे आपल्या गावी परतले, तेव्हा त्यांच्याच जमातीच्या एका वृद्ध नायकाने त्यांचा धिक्कार केला. मुलांना मारणारे तुम्ही भ्याड आहात, असे तो त्यांना म्हणाला. त्या गावात कैदेत असलेल्या एका वसाहतकरी तरुणाने ही गोष्ट नंतर लिहून ठेवली. त्याच उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियाच्या सरकारने मात्र दहा वर्षांवरील मूळ रहिवाशांना मारणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. त्यांत स्त्रियाही होत्या. आणि त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १७६३ मध्ये, सरहद्दीवरील पॅक्स्टन भागातील हत्यारबंद लोकांनी कॉनेस्टोगा जमातीच्या वीस निरपराध माणसांना ठार केले होते. ते कोणाच्याही युद्धात नव्हते. त्यांच्या मारेकऱ्यांपैकी एकालाही शिक्षा झाली नाही. मित्रांनो, क्रूरपणा कोणत्या एका जातीचा नसतो आणि माणुसकीही कोणत्या एका जातीची नसते.

आता आपण मूळ घटनेकडे येऊ. इ. स. १७६५ च्या सुरुवातीला युद्ध थंडावले होते, पण तह पूर्ण झालेला नव्हता. तह होईपर्यंत मूळ रहिवाशांशी व्यापार करू नये, अशी सरकारची बंदी होती. जॉर्ज क्रोगन नावाचा सरकारी अधिकारी तहाची बोलणी करायला पश्चिमेकडे निघाला होता. त्याने राजाच्या वतीने देण्यासाठी भेटवस्तू बरोबर घेतल्या होत्या. हे काम शांततेचेच होते. परंतु फिलाडेल्फियाच्या एका मोठ्या व्यापारी पेढीने या संधीचा फायदा घेतला. व्यापार उघडताच आपला माल सर्वांच्या आधी तेथे पोहोचलेला असावा, म्हणून पेढीने सरकारी भेटवस्तूंच्या आडून स्वतःचाही माल पाठवला. क्रोगनचे या व्यवहाराशी साटेलोटे होते.

घोड्यांच्या पाठीवर लादलेला तो माल सरहद्दीच्या वाटेने चालला. त्यात कापड होते, घोंगड्या होत्या, मणी होते. पण त्यात शिसे, कुऱ्हाडी आणि सुरेही होते. खोऱ्यातील लोकांनी हे पाहिले आणि त्यांचे पित्त खवळले. सरकार आम्हांला बंदी सांगते, मग हा माल कसा चालला? उद्या हेच सुरे आमच्या मुलांवर चालले तर? काही प्रमुख लोकांनी व्यापाऱ्यांना विनंती केली की, तह होईपर्यंत माल येथेच ठेवा. व्यापाऱ्यांनी ती हसण्यावारी नेली.

तेव्हा जेम्स स्मिथ पुढे आला. हा माणूस मोठा विलक्षण होता. इ. स. १७५५ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, मूळ रहिवाशांनी त्याला पकडून नेले होते. पण त्यांनी त्याला मारले नाही. एका कुटुंबाने त्याला मुलगा म्हणून दत्तक घेतले. चार-पाच वर्षे तो त्यांच्यात राहिला. त्यांची भाषा, शिकार आणि लढण्याची रीत शिकला. पुढे त्याने आपल्या आठवणी लिहिल्या. त्या इ. स. १७९९ मध्ये छापल्या गेल्या. त्यांत आपल्या मानलेल्या भावांविषयी तो आदराने बोलतो. घरी परतल्यावर त्याने खोऱ्याच्या रक्षणासाठी तरुणांचे एक पथक उभारले आणि त्यांना मूळ रहिवाशांच्या रीतीने लढायला शिकवले. हे तरुण चेहऱ्याला काळा आणि लाल रंग फासत. त्यामुळे लोक त्यांना 'काळी पोरे' म्हणू लागले.

६ मार्च १७६५ रोजी साइडलिंग हिल नावाच्या डोंगरावर स्मिथ आपल्या दहा जुन्या साथीदारांसह झाडांमागे दबा धरून बसला. घोडे जवळ येताच गोळीबार सुरू झाला. नेम घोड्यांवर होता, माणसांवर नव्हता. व्यापारी गोंधळले. "तुमच्या स्वतःच्या वस्तू घ्या आणि निघून जा," असे त्यांना सांगण्यात आले. एकूण ८१ घोड्यांपैकी ६३ घोड्यांवरचा माल जाळून टाकण्यात आला.

व्यापारी धावत फोर्ट लाउडनला गेले. तेथे लेफ्टनंट चार्ल्स ग्रँट हा अधिकारी होता. त्याची शिबंदी स्कॉटलंडच्या डोंगरी पलटणीची होती. म्हणजे कोटाच्या आतील शिपाई आणि कोटाबाहेरील शेतकरी यांचे पूर्वज एकाच देशातले होते! ग्रँटने उरलेला माल आणण्यासाठी एका सार्जंटला शिपाई देऊन पाठवले. या शिपायांनी वाटेत काही वसाहतकऱ्यांना पकडून किल्ल्यात डांबले आणि त्यांच्या बंदुका काढून घेतल्या.

येथेच खरा पेच निर्माण झाला. शिपायांजवळ दंडाधिकाऱ्याचे वॉरंट नव्हते. पकडलेल्या माणसांनी माल जाळला होता की नव्हता, हे कोणत्याही न्यायालयाने ठरवलेले नव्हते. इंग्रजी कायद्याप्रमाणे सैन्याला नागरिकांना असे पकडता येत नव्हते. खोऱ्यातील लोक म्हणू लागले, "आमचा गुन्हा असेल तर दंडाधिकाऱ्यापुढे न्या. शिपाई म्हणजे न्यायाधीश नव्हेत."

दोन-तीनशे बंदूकधारी शेतकरी गोळा झाले. किल्ल्यासमोरच्या टेकडीवर त्यांनी तळ दिला. किल्ल्यातून जो शिपाई बाहेर येई, त्याला ते पकडत. स्मिथ लिहितो की, लवकरच किल्ल्यात जेवढे वसाहतकरी कैदेत होते, त्याच्या दुपटीहून अधिक शिपाई टेकडीवर कैदेत होते. अखेर ग्रँटने कैदी सोडले. पण बंदुका परत दिल्या नाहीत. सरहद्दीवरच्या माणसाची बंदूक म्हणजे त्याची शिकार आणि त्याचे रक्षण. भांडण आठ-नऊ बंदुकांचे राहिले, पण ते मिटेना. दरम्यान कार्लाइल या गावी स्मिथच्या साथीदारांविरुद्ध प्रकरण ज्यूरीपुढे गेले. ज्यूरी म्हणजे न्यायनिवाड्यासाठी निवडलेले नागरिक. खटला चालवण्याइतका पुरावा नाही, असे त्यांनी ठरवले. अर्थात ज्यूरीतले लोकही त्याच भागातले होते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

मे महिन्यात पुन्हा एकदा माल जाळण्यात आला. या वेळी घोडे हाकणाऱ्यांना चाबकाने मारण्यात आले. शिपाई आणि काळी पोरे यांच्यात चकमक होऊन एक वसाहतकरी जखमी झाला. मग सुमारे दीडशे हत्यारबंद लोक दंडाधिकाऱ्यांसह किल्ल्यावर आले आणि आतला माल तपासू द्या, असे म्हणाले. ग्रँटने नकार दिला. तेव्हा लोकांनी स्वतःच रस्ते ताब्यात घेतले. दंडाधिकाऱ्याच्या परवान्याशिवाय कोणताही माल पुढे जाऊ दिला जाईना. पुढे पुढे तर स्मिथ स्वतःच असे परवाने देऊ लागला. परवाना हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही ओळखीचा आहे. पण परवाना देण्याचा अधिकार स्मिथला कोणी दिला होता? कोणीही नाही! सैन्याकडे वॉरंट मागणारा माणूस आता स्वतःच अधिकाराशिवाय वाटसरूंना अडवत होता.

२८ मे रोजी ग्रँट घोड्यावरून किल्ल्याबाहेर गेला असता स्मिथच्या माणसांनी त्याला पकडले. त्याला रात्रभर जंगलात ठेवले. बंदुका परत करीन, अशी लेखी हमी दिल्यावर त्याची सुटका झाली. बळजबरीने घेतलेली हमी मी पाळणार नाही, असे ग्रँटने ठरवले. उन्हाळा तसाच गेला.

नोव्हेंबर महिन्यात शिबंदी किल्ला सोडून जाणार, अशी बातमी आली. आपल्या बंदुकाही जाणार, म्हणून लोक पुन्हा जमले. १६ नोव्हेंबरच्या रात्रीपासून किल्ल्यावर गोळीबार सुरू झाला. आत शिपाई थोडे होते आणि दारूगोळा त्याहून थोडा. लाकडी कोटात गोळ्या घुसत राहिल्या. शेवटी तडजोड झाली. बंदुका एका स्थानिक प्रतिष्ठित गृहस्थाच्या ताब्यात देण्यात आल्या आणि त्यांची पावती घेण्यात आली. १८ नोव्हेंबर १७६५ रोजी शिबंदी किल्ला सोडून निघून गेली. वेढ्यात कोणाचाही प्राण गेला नाही.

या उठावाचा अर्थ काय? कोणी म्हणतात, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी येथेच झाडली गेली. हे पूर्ण खरे नाही. या लोकांना राजापासून वेगळे व्हायचे नव्हते. ते स्वतःला राजाची इमानी प्रजा म्हणवत. पण त्यांनी विचारलेला प्रश्न मोठा होता. सैन्य कायद्याच्या वर आहे की कायदा सैन्याच्या वर? अकरा वर्षांनी, इ. स. १७७६ मध्ये, अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. राजाने सैन्याला नागरी सत्तेहून वरचढ केले, ही त्यातील एक तक्रार होती.

मात्र या हकीकतीची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. जाळलेल्या मालात तहासाठी नेलेल्या भेटवस्तूही होत्या. तह झाला असता तर शाळेतल्या मुलांसारखी मुले वाचली असती. सुदैवाने क्रोगन तरीही पुढे गेला आणि त्याच उन्हाळ्यात पॉन्टियॅकला भेटून त्याने समेट केला. दुसरे असे की, वॉरंट मागणाऱ्या या लोकांनी मूळ रहिवाशांच्या बाबतीत राजाचा जाहीरनामा मानला नाही. कॉनेस्टोगाच्या वीस माणसांना कोणी कोणते वॉरंट दाखवले होते? स्वतःसाठी कायदा हवा आणि दुसऱ्यासाठी नको, असे म्हणणाऱ्याच्या हातात शेवटी कायदा उरत नाही, फक्त बंदूक उरते. तीन वर्षांनी नवा तह होऊन सरहद्द आणखी पश्चिमेकडे सरकली. मूळ रहिवाशांची जमीन कमी कमी होत गेली.

जेम्स स्मिथला हे सारे कळले होते का? ते सांगणे कठीण आहे. पण त्याच्या आयुष्यातील आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. इ. स. १७६९ मध्ये एका झटापटीत त्याच्या साथीदाराचा गोळी लागून मृत्यू झाला आणि खुनाचा आरोप स्मिथवरच आला. त्याला कार्लाइलच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्याला सोडवण्यासाठी शेकडो हत्यारबंद मित्र गावात आले. स्मिथने त्यांना तुरुंगातून निरोप दिला की, तुम्ही घरी जा, मी खटल्याला तोंड देईन. चार महिने तो कैदेत राहिला. न्यायालयात पुरावे तपासले गेले आणि तो निर्दोष सुटला. ज्याने बंदुकीच्या जोरावर किल्ला रिकामा करवला, त्यानेच आपल्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा बंदूक नाकारली आणि न्यायालय पत्करले.

त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली, तेव्हा मागच्या बाकावरचा तो मुलगा माझ्याजवळ आला. "सर," तो म्हणाला, "म्हणजे तो कागद चोरासाठी नसतो, पकडणाऱ्यासाठी असतो." मी म्हणालो, "दोघांसाठी असतो, बेटा. आणि जो चोर नाही पण चुकून पकडला गेला आहे, त्याच्यासाठी तर सर्वांत आधी."

स्वाध्याय

१. फोर्ट लाउडन हा किल्ला कशासाठी बांधण्यात आला होता?
२. व्यापाऱ्यांचा माल पाहून खोऱ्यातील लोक का संतापले?
३. वृद्ध डेलावेअर नायकाने आपल्या योद्ध्यांना भ्याड का म्हटले?
४. 'शिपाई म्हणजे न्यायाधीश नव्हेत' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. जेम्स स्मिथचे कोणते वागणे तुम्हांला योग्य वाटते आणि कोणते अयोग्य? कारणे देऊन आठ-दहा ओळी लिहा.
६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : हसण्यावारी नेणे, पित्त खवळणे, दबा धरून बसणे, तोंड देणे.